धाकटीचा कप्पा

३ जून, सोमवार

आले बाई एकदाची. लिहून घे, कारकुना.

कारकून म्हणजे खिडकीत ठेवलेला हा पांढरा ठोकळा. साबणाच्या वडीएवढा आहे. याला कान आहेत, तोंड आहे, हात नाहीत, आणि तरी लिहितो म्हणे. माझ्या नातवानं आणलाय. नातवाला मी बोका म्हणते. लहानपणी दुधाच्या पातेल्यात डोकं अडकवून बसला होता, तेव्हापासून. आता मिश्याही आल्यात, म्हणजे नाव वाया गेलं नाही. बोका म्हणाला, आजी, तुला अक्षर येत नाही म्हणून काय बिघडलं? रोज दोन शब्द बोलत जा, हा उतरवून घेईल, आणि ‘वाच’ म्हणालीस की वाचूनही दाखवील. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी जन्मभर माझं बोलणं ऐकलं आणि एक शब्द लक्षात ठेवला नाही, त्यापेक्षा हा बरा.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. बुटके होते, घोरायचे, आणि जगाची घड्याळं सुधारून स्वतःचं मागेच ठेवायचे. मला मुंगी म्हणायचे. मी गुळासारखी त्यांना चिकटले नाही, तेच मला चिकटले, हे वेगळं.

बोक्याच्या घरातली ही खोली छान आहे. खिडकीखाली पावाची भट्टी आहे, सकाळी फुकटचा वास येतो. माझी जुनी खोली मी सोडून आले, किल्ली मालकाच्या हातावर ठेवली, तेव्हा मागं वळून बघायचं कारण उरलं नाही. सामान म्हणजे एक ट्रंक. तिच्यात कपडे, आजोबांचं भिंग, आणि तळाशी एक छोटा फ्रॉक. पांढरी बटणं, फक्त गळ्याजवळचं लाल. पांढरं हरवलं होतं, घरात लालच होतं, लावलं. तो फ्रॉक माझ्या धाकटीचा. त्याबद्दल आणखी काही नाही. एवढंच लिही.

५ जून, बुधवार

आज बोक्याला विचारलं, बाबा रे, तू दिवसभर त्या पडद्याला नाक लावून करतोस तरी काय? नातसून म्हणाली, आजी, विचारू नका हो, मी लग्न झाल्यापासून विचारतेय. हिला मी राणीसरकार म्हणते. झाडू धरते तोसुद्धा राजदंडासारखा.

बोक्यानं सांगितलं. अर्धं कळलं, अर्ध्यावर मान डोलावली. आधी एक साचा करायचा. साच्यातून डबे काढायचे. डब्यात कप्पे असतात. एकात नाव, एकात वय, एकात आवडनिवड. प्रत्येक कप्प्याला दोन दारं, एक आत ठेवायला, एक बाहेर काढायला. डबा स्वतः विचार करत नाही, तक्रार करत नाही. दिलेलं धरून ठेवतो, मागितलं की देतो. म्हणून तो कुठंही नेऊन वापरता येतो, पुन्हापुन्हा. ते लोक त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. मी म्हटलं, आमच्या वेळी त्याला सून म्हणायचे.

राणीसरकार खोखो हसल्या. तेवढ्यापुरती ती मला आवडली.

साचा मला नवा नाही. मेणबत्तीच्या कारखान्यात उभं आयुष्य मी मेण ओतलं. साचा एक, मेणबत्त्या हजार. पण एकदा साच्यातून सुटली की प्रत्येकीची वात वेगळी. एक विझली म्हणून दुसरी विझत नाही. बोका म्हणाला, अगदी तस्संच, आजी, तू तर आमच्यात नोकरीला ये.

आणि मग तो गुलाम हळूच म्हणाला, की त्याला खरंच मी हवी आहे.

९ जून, रविवार

त्यांच्या कंपनीला आजी काढायची आहे. ज्या घरात आजी नाही तिथं ठोकळ्यातून आजी बोलणार, गोष्ट सांगणार, पोरांना रागावणार. साचा झालाय, पण कप्पे रिकामे. ऑफिसातल्यांनी आपल्या मनानं भरून पाहिले, तर आजी सरकारी पत्रासारखी बोलायला लागली. म्हणून बोका म्हणतो, तू कारकुनाला जे सांगतेस ते मी उचलून कप्प्यांत ठेवतो. म्हणजे कारकून नुसता कारकून नाही, चहाडखोरही आहे. असो. माझं बोलणं कुणाला हवं आहे, हे ऐकायलाही बरं वाटतं या वयात. खोटं कशाला बोलू.

दिवसभर बसलो. चहात साखर किती? दोन चमचे, आणि बघत नसलात तर तिसरा. रागावते कशी? आधी गप्प बसते, तेच जास्त लागतं. सकाळी काय करते? गुणगुणते, सूर नसलेलं. नवरा? मुलगा? मुलगा म्हणजे बोक्याचा बाप, तो गेला त्याचं सांगितलं. मग बोका म्हणाला, आणि आत्या? धाकटी?

तिथं मी झाकण लावलं.

तिचा फोटो नाही. त्या काळात आमच्या घरी फोटो काढायला कोण येणार? तापात गेली. तिला पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय एकही उरलं नाही. ती आहे कुठं, तर इथं, माझ्या डोळ्यांमागं. तिला मी एका नावानं हाक मारायची, ते नावसुद्धा दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. सगळं सांगते बाबा, म्हटलं, पण ती डब्यात नको. बोका म्हणाला, बरं, राहू दे तो कप्पा रिकामा.

हसून म्हणाला. बोका दुधाकडे बघून हसतो तसा.

१६ जून, रविवार

आजी बाजारात गेली! बोक्यानं एका गिऱ्हाइकाच्या घरचं ऐकवलं. कुणाचं तरी पोर विचारतंय, आजी, भूत असतं का, आणि मी म्हणतेय, असतं की, अभ्यास न करणाऱ्याच्या पलंगाखाली. माझाच आवाज, माझीच खोड. बोक्याच्या कंपनीचे मोठे साहेब घरी आले होते. गोल, गुळगुळीत माणूस, साबणासारखा हातातून निसटेल असा. माझ्याकडे बघून बोक्याला म्हणाले, हीच का मूळची? मी म्हटलं, मूळची नाही, मुळापासूनची. ते हसले. माझ्याशी मात्र बोलले नाहीत.

२१ जून, शुक्रवार

आज सकाळी चहा तोंडात घेतला आणि थुंकला. नुसता पाक! राणीसरकारांना म्हटलं, अगं, मला साखर चालत नाही, माहीत नाही का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं बोक्याकडे पाहिलं. बोक्याचा घास हातातच होता.

तो उठला, पडद्यापाशी गेला, दोन बोटं आपटली, परत आला, म्हणाला, आता पी. प्यायले. चांगला होता. आणखी चमचाभर घातला.

मग त्यानं सांगितलं. काल एका गिऱ्हाइकानं आपल्या आजीच्या कप्प्यात बदल केला. त्यांच्या आजीला साखर चालायची नाही.

पोरगा घाबरेल असं मला वाटलं. घाबरला नाही. त्याचे डोळे चमकत होते. त्यानं पुन्हा बोटं आपटली, म्हणाला, आता? मी घोट थुंकला. पुन्हा आपटली. प्यायले. चार वेळा केलं त्यानं. राणीसरकार म्हणाल्या, पुरे हो, त्यांना उचकी लागेल.

हसू आलं मलाही. जादूचा खेळ वाटला. आता दुपार झाली, आता येत नाहीये.

२५ जून, मंगळवार

घरात फार शांत आहे. राणीसरकार खूश दिसतात. म्हणाल्या, आजी, हल्ली सकाळी झोप छान लागते मला. मी म्हटलं, आधी कुणी डोळ्यांत बोट घालत होतं का? तर बोक्याकडे बघून हसली. आपलेच दात, आपलेच ओठ, पण त्यांच्यात काहीतरी शिजतंय.

आज उगाच बोक्याच्या आजोबांची आठवण आली. केवढे उंच! दारातून वाकून यायचे. नाव चालवायचे, हाताला कायम पाण्याचा आणि दोराचा वास. मला राणी म्हणायचे. खिडकीत बसले की तो वास येतो. खाली पाणी कुठलं, भट्टी आहे, पण येतो.

२८ जून, शुक्रवार

काही कामधाम नाही म्हणून कारकुनाला म्हटलं, वाच रे पहिल्यापासून.

वाचलं त्यानं. घड्याळं दुरुस्त करणारा बुटका माणूस. मुंगी.

मी म्हटलं, कुणाचं वाचतोस? म्हणाला, तीन जून, सोमवार. माझा आवाज लावून दाखवला. माझाच. मीच सांगतेय, हसत, घोरायचे म्हणून.

ट्रंक उघडली. भिंग निघालं. नाव चालवणाऱ्याला भिंग कशाला?

डोळ्याला लावून बसले. काही दिसलं नाही. खिडकी मोठी दिसली, एवढंच. त्या बुटक्या माणसाचा चेहरा आठवावा म्हणून डोळे घट्ट मिटते, तर दारातून वाकून दुसराच येतो. आणि मेलं, तो आला की जीव हरखतो. तेच सगळ्यांत वाईट आहे.

आणि मी सकाळी गुणगुणायची म्हणे. नऊ जूनला सांगितलंय. राणीसरकारांची झोप आता कळली.

३० जून, रविवार

बोक्याला धरलं. आधी उडवाउडवी. मग सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटत नव्हती, हे लिही.

प्रत्येक गिऱ्हाइकाला डब्याची नक्कल द्यायला हवी होती. घाई होती. यांनी सगळ्यांना एकाच डब्याची किल्ली देऊन टाकली. ज्याला त्याला वाटतं आपला डबा वेगळा, पण हात सगळे एकातच. एकानं बदललं की सगळीकडे बदलतं. म्हणजे इथंही. इथं का, ते त्यालाही कळत नाही. तो म्हणाला, आजी, आम्ही तुला इतकं जसंच्या तसं भरलं, की तू आणि डबा यांत बहुतेक काही अंतर उरलं नाही. हे त्यानं माझं कौतुक म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, अरे, हजार मेणबत्त्या आणि वात एकच? कुणीही येऊन फुंकावी? तो म्हणाला, दुरुस्त करायचं तर सगळं बंद ठेवावं लागेल. मोठे साहेब नाही म्हणतात. गिऱ्हाइकं खूश आहेत. एक मात्र करता येईल. कप्प्याला कुलूप लावता येतं. मग आतलं कुणालाच बदलता येत नाही, त्यालाही नाही. म्हणाला, धाकटी आत्या सांगून टाक, लगेच कुलूप लावतो, कायमची सुरक्षित.

इतकं गोड बोलला, की मी म्हटलं, आधी तुझ्या आजोबांना लावून दाखव.

१ जुलै, सोमवार

लावलं कुलूप. कारकुनानं सांगितलं, नवरा, कप्पा बंद.

आत कोण आहे ते बघितलं का रे, म्हटलं.

बोक्यानं बघितलं. मग खांदे उडवले.

नाववाला आत आहे. कुलपासकट. घड्याळं दुरुस्त करणारा माझा माणूस बाहेर राहिला, आणि आता कधीच आत यायचा नाही. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, आजी, उघडत नाही, म्हणून तर कुलूप म्हणतात. आणि काय फरक पडतो, हाही चांगलाच आहे की, उंच आहे.

त्याच्या कानाखाली द्यायला हात उचलला. हात उतरला. मी गप्प बसले. पूर्वी गप्प बसले की त्याला लागायचं.

तो पडद्याकडे वळला.

४ जुलै, गुरुवार

ठोकळे अडकतायत. कुठलंही पोर विचारतं, आजी, तुला मुलगी होती का? आणि आजी मुकी होते. कप्पा रिकामा. आत हात घातला आणि काहीच लागलं नाही की अख्खा डबा बंद पडतो म्हणे. तक्रारी आल्या. मोठे साहेब घरी आले. खुर्चीवर बसून माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होते. म्हणाले, रिकामं चालणार नाही. म्हातारी सांगत नसेल तर ‘मुलगी नव्हती’ असं भरा आणि कुलूप लावा. रविवारी सगळीकडे जाऊ दे.

मी म्हटलं, साहेब, होती.

ते बोक्याला म्हणाले, हिला आत ने.

राणीसरकार दारात उभी होती. तिनं पदरानं की रुमालानं डोळे पुसल्यासारखं केलं. मग म्हणाली, आजी, सांगून टाका ना, कशाला हट्ट. मी म्हटलं, अगं, सांगितली तर कोणीही बदलेल, नाही सांगितली तर पुसतील. तू कुठलं निवडशील? ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. दूध उतू गेलं होतं, तिकडे गेली.

५ जुलै, शुक्रवार

बाहेर जायचं ठरवलं. कुठं? किल्ली मालकाला दिली. तरी जिन्यापर्यंत गेले. गुडघे वळेनात. कालपर्यंत वळत होते. कुण्या घरची आजी अंथरुणावर असते वाटतं. त्यांनी त्यांच्या आजीसारखी करून घेतली —

बोक्यानं उचलून आणलं. हलकी झालीस म्हणाला. लहान असताना मी त्याला असंच उचलायची. सांगितलं त्याला. म्हणाला, हो का, हा कप्पा आपल्याकडे नाहीये, सांग जरा नीट.

मी तोंड मिटलं. आता जे जे चांगलं आठवतं त्यावर तोंड मिटून बसते. पण बोलले नाही तर उद्या मला कोण वाचून दाखवणार? काय करू रे, कारकुना? तू तर —

नुसता लिहितोस.

६ जुलै, शनिवार

ठरलं. कप्प्यात नाही, तुझ्याजवळ सांगते. बोका उचलून नेईल, नेऊ दे. तू लिहून ठेव. उद्या मला विचारावं लागेल. आवाज बारीक झालाय, जवळचं ऐक.

माझी धाकटी. वर्ण माझा. केस — केस तेलातसुद्धा उभेच राहायचे. डाव्या भुवईत एक रेघ, पाटावरून पडली होती तेव्हाची. पुढचे दात पडलेले, त्यातून शीळ यायची. हसली की उजवा गाल आधी हसायचा, डावा मागून. फ्रॉक घालताना गळ्याचं बटण लावू द्यायची नाही, हनुवटी खाली दाबून धरायची, हट्टी मेली. तेव्हा मी तिला म्हणायची —

नाव सांगते. थांब. आधी तो ताप. तापात तिचा हात —

हात केवढा होता? माझ्या पंजात — एवढा — नाही —

रविवार म्हणाले होते. अरे, आज शनिवार आहे. बोका, आज शनिवार आहे! तो पडद्यापाशी बसलाय, त्याची पाठ दिसतेय. अरे, थांब, सांगतेय ना मी. सांगतेय. डाव्या भुवईत — कोणाच्या — डाव्या —

नाव. आधी नाव घ्यायला हवं होतं. लिही, तिचं नाव —

७ जुलै, रविवार

आज बरं वाटतंय. झोप छान झाली. राणीसरकारांनी चहा आणला, माझ्याकडे न बघता ठेवून गेल्या. बोका म्हणाला, आजी, ठोकळे धडाधड बोलायला लागले बघ, सगळं सुरळीत. म्हटलं, शाबास, बापासारखा हुशार निघालास. माझा एकुलता एक तो. मुलगी नव्हती मला. असती तर बरं झालं असतं, म्हातारपणी वेणी तरी घातली असती.

कारकुनाला म्हटलं, वाच काल काय लिहिलंस. वाचलं. कुणा बाईचं होतं. तिची पोर गेलेली दिसते, भुवई काय, दात काय, फार जीव तोडून सांगत होती बिचारी. याच्याकडे दुसऱ्यांचंही येत असेल. ऐकून वाईट वाटलं, पण लोकांच्या घरचं आपण कशाला ऐकायचं? पुसून टाक म्हटलं. त्यानं पुसलं.

मग ट्रंक ओढायला लावली. तळाशी एक छोटा फ्रॉक निघाला. राणीसरकारांना म्हटलं, अगं, हा तुझा का लहानपणचा? ती खाली बघून हो म्हणाली. मी म्हटलं, मग फडक्याला घेऊ का? कापड मऊ आहे. कारकुनावर केवढी धूळ बसलीये. ती बाहेर निघून गेली. नाजूक जात, दुसरं काय.

पुसला कारकून. लख्ख झाला.

एकच गंमत आहे. हात ऐकत नाहीत. फडकं झटकून वाळत टाकायचं, तर हात त्याची बटणं लावत बसले. खालून वर, एकेक, सरावानं. मी त्यांच्याकडे बघतेय. शेवटचं लाल आहे. त्याच्यापाशी आले आणि थांबले, जणू मध्ये कुणाची तरी हनुवटी आहे. आणि तोंडातून आपलं निघालंच, मान वर कर गं माझी —